हिराबायला मी काय वाचून दाखवलं

हे प्रकरण मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. आधीच्या प्रकरणांत माझा मूर्खपणा आहे, हट्ट आहे, मैत्रिणीच्या प्रयोगवहीतून उतरवलेल्या बेडकाच्या आकृत्याही आहेत, आणि ते सगळं लिहिताना मला मजा येत होती. हे लिहिताना येत नाही. पण गावात ज्यांना हे सगळं आतून ठाऊक आहे ती माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि ती गेली की मी सुटले, असं परवा माझ्या मनात आलं. त्या विचाराचीच मला इतकी लाज वाटली की सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले.

करावे गावात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या खिडकीतून सीवूड्सचे टॉवर दिसत आणि पुढच्या दारातून खाडीचा वास येई. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. आई बाजारात मासळी विकायला बसे. ती दुपारी दोनला परत आली की आधी टोपली धुवायची, मग हातपाय, मग लिंबाच्या सालाने बोटं, आणि मग आम्ही जेवायला बसायचो. तांदळाची भाकरी आणि विकून उरलेलं जे असेल त्याचं कालवण. निवट्या, खाडीच्या गाळातले ते बोटभर मासे, मिळाल्या असतील तर त्या दिवशी बाबा ताटावर बोलत नसत, नुसतं मान खाली घालून जेवत. जेवण झालं की भिंतीपलीकडून हिराबायच्या सुरीचा आवाज सुरू व्हायचा. हिराबाय आमची शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन उलव्याला गेलेली, आणि ही ओट्यावर बसून गावातल्या बायकांची कोलंबी सोलून द्यायची. सोलता सोलता एकटीच बोलत असायची. मी लहान असताना आई बाजारात गेली की मला तिच्याच ओट्यावर सोडून जायची, त्यामुळे माझे पहिले कितीतरी शब्द तिचेच होते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. वर्गात बहुतेक मुली सोसायट्यांमधल्या. त्यांतल्या एकीने मला अगदी सहज विचारलं होतं, की तुम्ही गावात राहता म्हणजे नक्की कुठे राहता. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून मी डब्यात मासे नेणं बंद केलं. आईला सांगितलं, कॅंटीनमध्ये खाते. त्याच सुमारास एका प्रोजेक्टसाठी मी इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात आमचं गाव शोधलं, तर तिथे गावावर दोनच ओळी होत्या. करावे हे नवी मुंबईतले एक गाव आहे, आणि जवळचे रेल्वे स्थानक अमुक. वर कोपऱ्यात ‘संपादन’ असं लिहिलेलं होतं. ते कोणीही दाबू शकतं हे मला माहीत नव्हतं, मी दाबून पाहिलं तर पान माझ्यापुढे उघडं. त्या दुपारी मी चार तास लिहीत होते. आमचे गाव निसर्गरम्य आहे, आमची माणसे मायाळू व शूर आहेत, आमची गावदेवी नवसाला पावते. दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून येऊन पाहिलं तर पुन्हा दोनच ओळी.

ज्याने ते उडवलं होतं त्याचं तिथलं नाव होतं ‘ओंजळ’. मी चिडून सगळं परत टाकलं, त्याने परत काढलं. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा त्याने माझ्या चर्चापानावर, म्हणजे तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला मिळणाऱ्या निरोपांच्या पानावर, निरोप ठेवला. मी वाचताना मनात एक चष्मेवाला, कपाळाला आठ्या असलेला मास्तर उभा केला होता. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की ओंजळ म्हणजे साताऱ्याकडच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई, आणि त्यांना आठ्या घालायला वेळच नसे, इतकी नवी पानं त्या रोज तपासत. निरोपात राग नव्हता. ज्ञानकोशात आपल्याला काय माहीत आहे ते आपण लिहीत नाही, ते कुठे छापून आले आहे ते लिहितो, एवढाच मुद्दा होता. ‘आमचे’ हा शब्द चालत नाही. ‘मायाळू’ हे कोणी मोजलेलं नाही. आणि पुन्हा पुन्हा तेच टाकण्यापेक्षा चर्चापानावर विचारावं.

मी हट्टी होते, पण शिकायला वाईट नव्हते. महिन्याभरात संदर्भ कसा द्यायचा, चर्चेत सही कशी करायची, कोणाचा मजकूर जसाच्या तसा का उचलायचा नाही, हे सगळं मला येऊ लागलं. दुसऱ्यांच्या पानांवर ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावत फिरायला तर मला भलताच चेव चढे. घरीसुद्धा तेच. बाबा म्हणाले की पूर्वी खाडीत घोळ मासा ढिगाने मिळायचा, की मी विचारायची, संदर्भ? बाबा हसायचे. आई म्हणायची, हिला कोणीतरी उत्तर द्या नाहीतर कालवण निवून जाईल.

गावाचं पान मी हळूहळू वाढवलं. देऊळ, शाळा, तलाव, यांचं कुठे ना कुठे छापील सापडलं. राहिले होते ते खुंट. आमच्या जेट्टीपासून खोल पाण्यापर्यंत ओहोटीला नुसता गाळ उघडा पडतो आणि होडीला जायला मधोमध एक नागमोडी वाट उरते. वाट चुकली की होडी गाळात रुतते आणि पुढची भरती येईपर्यंत माणसं तिथेच. म्हणून त्या वाटेच्या दोन्ही अंगांना बांबूचे खुंट रोवलेले असतात, टोकाला फडकं बांधून. पावसाळ्यात ते वाहून जातात, नारळीपौर्णिमेच्या आधी नवे रोवतात. हे सुरू केलं हिराबायच्या नवऱ्याने, पदाजीने. तो दरवर्षी एकटा, छातीभर गाळात उतरून, पायाने वाट चाचपत खुंट ठोकायचा. हे बाबांनी मला शंभरदा सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, “खुंट पदाजीचं, होरी आपल्या आज्याची.” म्हणजे बांबू वाहून न्यायला होडी माझे आजोबा द्यायचे. मी हे सगळं, पदाजीच्या नावासकट, पानावर लिहिलं. संदर्भ म्हणून ‘वडिलांनी सांगितले’ असं टाकलं. ओंजळने ते काढलं. आपल्या वडिलांवर अविश्वास नाही, पण वाचकाला हे पडताळून कसे पाहता येईल, असं विचारलं.

चैत्रात गावदेवीची जत्रा असते आणि जत्रेची स्मरणिका निघते. निम्म्या पानांत जाहिराती, उरलेल्यांत शुभेच्छुकांचे फोटो. बाबांचे चुलत भाऊ भालूकाका कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यांना दोन पानं भरायची होती, तर ते घरी येऊन मला म्हणाले, तू शिकलेली, गावाचा इतिहास लिही. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते मला आजही आठवतं. स्मरणिका छापील असते. मी लिहीन, ते छापून येईल, आणि मग मीच त्याचा संदर्भ देईन. नियमही पाळला जाईल आणि खुंटही पानावर येतील.

एवढंच करून मी थांबले असते तर आज हे प्रकरण विनोदी झालं असतं. पण लिहिता लिहिता पदाजीच्या नावापाशी मी थांबले. त्या वर्गातल्या मुलीला हे पान दाखवायचं माझ्या मनात फार दिवस होतं. त्यात पदाजीचं नाव आलं तर ती विचारणार, हे कोण? तर शेजारचे. मग आमचं काय, तर होडी दिली. मी लिहिलं, की खाडीतील मार्ग दाखवणारे खुंट रोवण्याची प्रथा कै. बाळाराम यांनी सुरू केली. बाळाराम म्हणजे माझे आजोबा. गैरसमज झाला नव्हता, विसर पडला नव्हता. लिहिताना पलीकडे हिराबायची सुरी चालू होती, ती मला ऐकू येत होती. लेखाखाली मी माझं नाव टाकू दिलं नाही. भालूकाकांना वाटलं मुलगी लाजते. त्यांनी खाली छापलं, ‘एक ग्रामस्थ’.

स्मरणिका कोणी वाचत नाही. आपला फोटो कुठल्या पानावर आहे तेवढं बघतात आणि टीव्हीखाली ठेवून देतात. बाबांनी मात्र वाचली. खुर्चीत बसून दोन्ही पानं वाचली, मिटली, आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवली. मला काही विचारलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग मी ज्ञानकोशात तो मजकूर टाकला, संदर्भात स्मरणिकेचं नाव, पान क्रमांक, सगळं रीतसर. ओंजळचा निरोप आला, स्थानिक छापील साधन शोधून दिल्याबद्दल आभार, आणि एक शंका, या लेखाचे लेखक कोण आहेत? मी उत्तर दिलं, गावातील एक जुने जाणकार. खाली सही केली.

श्रावणात भालूकाकांनी जेट्टीवर बोर्ड लावायचं काढलं, खुंटांची माहिती देणारा. टॉवरमधली माणसं हल्ली सकाळी पक्षी बघायला यायची, त्यांना कळू दे म्हणे. नारळीपौर्णिमेला उद्घाटन. गावभर झालं की नेटवर खुंटांची सगळी माहिती आहे, तीच बोर्डावर येणार. आणि पौर्णिमेच्या आठ दिवस आधी, दुपारी, हिराबाय आमच्याकडे आली. हात धुऊन, लुगडं बदलून आली होती. आई बाजारातून यायची होती. ती माझ्याशेजारी खाली बसली आणि लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली, “बाय, खुंटांचा काय लिवलाय त्यात, मना वाच ना.”

मी विचारलं, आत्ताच? ती म्हणाली, “त्यांचा नाव हाय का बघ.”

तिच्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. मी तिच्या ओट्यावर वाढले, पण तिच्या तोंडून पदाजी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. आमचं मानूस, नाहीतर पोरीचा बापूस. मी पान उघडलं. अक्षरं समोर होती, माझीच. कै. बाळाराम यांनी. हिराबायला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे बघत नव्हतीच, माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी वाचलं, “खाडीतील मार्ग दाखवणारे खुंट रोवण्याची प्रथा कैलासवासी पदाजी यांनी सुरू केली.”

नाव ऐकल्यावर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पुन्हा एकदा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं, आणि या वेळी मला इतकं सहज जमलं की मी एक वाक्य पदरचं घातलं, ते दरवर्षी एकट्याने हे काम करीत असत. ती रडली नाही, खूश झाली. बोर्डवर पण हेच येईल ना, असं तिने विचारलं आणि मी येईल म्हणाले. संध्याकाळी तिने वाटीभर कोलंबीचं सुकं आणून दिलं. आईने विचारलं, हे कशाबद्दल? हिराबाय म्हणाली, तुझ्या लेकीला विचार. मी ते खाल्लं. ती समोर उभी होती, न खाऊन सांगणार काय होते?

आठ दिवस माझ्या हातात होते. भालूकाकांचं घर चार दारं सोडून. मी रोज ठरवत होते आणि रोज मला कॉलेजला उशीर होत होता. हिराबाय तोवर सोललेली कोलंबी पोचवायला ज्या दारात जाई त्या दारात सांगत होती, की नेटवर आमच्या माणसाचं नाव आहे. ऐकणारे बरं म्हणत. कोणी उघडून पाहिलं नाही. तिने तिच्या मुलीला उलव्याहून बोलावून घेतलं.

पौर्णिमेच्या दिवशी जेट्टीवर सगळा गाव होता. होड्यांना पताका, बॅंजोपार्टी, बायकांच्या डोक्यात अबोलीचे गजरे. बोर्डावर पिवळा कपडा होता. मानाचा नारळ बाबांच्या हातात दिला होता, आणि तो का दिला आहे हे बाबांना तोवर कळलेलं असावं, कारण त्यांनी तो छातीशी धरला नव्हता, खाली लोंबत्या हातात होता. हिराबाय पुढे उभी होती, तिच्याही हातात तिचा स्वतःचा नारळ. भालूकाकांनी कपडा ओढला आणि माइकवरून वाचलं. कैलासवासी बाळाराम यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिराबायने आधी भालूकाकांकडे पाहिलं, चुकून वाचलं असेल असं तिला वाटलं असणार. मग लेकीकडे. लेकीने बोर्ड वाचला आणि बापाचं नाव नाही अशी मान हलवली. मग तिने मला गर्दीतून शोधलं.

मी मान खाली घातली. तेवढ्याने तिला सगळं कळलं. ती माझ्यावर ओरडली नाही. ती माइकपाशी गेली, भालूकाका थांब थांब म्हणत असताना तिने तो हातात धरला आणि म्हणाली, “पदाजी. पदाजी नाव व्हता त्यांचा.” आवाज इतका मोठा झाला की ती स्वतःच दचकली. बॅंजो थांबला. म्हाताऱ्या माणसांपैकी दोघंतिघं हो म्हणाले, पदाजीच, पदाजीच. तिने माइक ठेवला, नारळ कठड्यावरून पाण्यात सोडला आणि लेकीचा हात धरून घरी गेली. जे नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, ते माझ्यामुळे तिला चारचौघांत ओरडून सांगावं लागलं. अजूनही हे आठवलं की मी एकटी असले तरी तोंडावर हात जातो.

बाबांनी त्याच दुपारी पाना आणून बोर्डाचे नट काढले. भालूकाका म्हणत होते की राहू दे, नुसतं नाव बदलू. बाबा बोर्ड खांद्यावर घेऊन घरी आले, माळ्यावर टाकला, आणि मग मला पहिल्यांदा विचारलं, “हिराबायला तू काय वाचून दाखवलंस?” मी सांगितलं. माळ्याची शिडी बाजूला ठेवता ठेवता ते म्हणाले, मी पण स्मरणिका वाचून गप बसलो. माझ्या बापाबद्दल चांगलं लिहिलं आहेस म्हणून बरं वाटलं मला. आम्ही दोघं त्या दिवशी जेवलो नाही. आईने नारळीभात केला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी ज्ञानकोशाच्या चर्चापानावर सगळं लिहिलं. लेख माझाच आहे, जाणकार कोणी नाही, नाव मी मुद्दाम बदललं. ओंजळने तो परिच्छेद काढून टाकला. मला वाटलं, आता खरं नाव घालू या. तर उत्तर आलं, की पदाजी यांचे नाव घालायलाही छापील आधार लागेल, आणि तो आपण स्वतः तयार केलेला नसावा. खोट्याला माझ्याकडे संदर्भ होता, खऱ्याला नव्हता. तेव्हा मला नियमाचा राग आला होता. आता येत नाही. गावाच्या पानावर आजही खुंटांचा उल्लेख नाही. पण त्या पानाचा इतिहास, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, उघडला तर माझं खोटं तारीखवार तसंच आहे, ते काढता येत नाही, आणि मी ते अधूनमधून जाऊन पाहते.

हिराबाय वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलायची, बाबांशी बोलायची. मी ओट्यासमोरून गेले की सुरी चालू राहायची, बोलणं थांबायचं. पुढच्या चैत्रात मी भालूकाकांकडे अर्धं पान मागितलं. त्यात गेल्या वर्षीचा लेख मी लिहिला होता, त्यात खोटं होतं, आणि खरं असं आहे, एवढंच छापलं. या वेळी खाली माझं नाव होतं, आडनावासकट.

स्मरणिका घेऊन मी तिच्या ओट्यावर गेले आणि म्हटलं, वाचून दाखवू? तिने ती माझ्या हातातून घेतली. मला तिथेच उभं ठेवून आमच्या घरात गेली. आईने मोठ्याने वाचलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मग बाहेर आली, माझ्याकडे न बघता समोर भाड्याने राहणाऱ्या, बाहेरगावच्या वहिनींकडे गेली. त्यांनीही वाचलं. त्यांना मधलं काहीच माहीत नव्हतं, त्या आपल्या समोर होतं ते वाचत गेल्या. मग हिराबाय परत येऊन ओट्यावर बसली. “दोगींनी येकच वाचला,” ती म्हणाली. आणि स्मरणिका माझ्यापुढे धरली.

“आता तू वाच.”

मी तिच्यासमोर खाली बसले. ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. पदाजी या नावापाशी मी थांबून तिच्याकडे पाहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं, माझ्या नावासकट, तिथे होतं तेवढंच.